मुद्दा आधी, चहा नंतर

सर गेले. हे आधी सांगून टाकते, नाहीतर पहिल्या परिच्छेदातच त्यांनी मला अडवलं असतं. गेल्या उन्हाळ्यात दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांचं पाल्हाळ तोडणाऱ्या माणसानं स्वतःच्या बाबतीतही ते लावलं नाही. त्यांचा आत्मा शांत राहो असं म्हणणार होते, पण आत्मा वगैरे त्यांना मान्य नव्हता. तेव्हा तेही राहू द्या. मुद्दा सांगून झाला आहे. आता सावकाश लिहायला हरकत नाही.

मी त्यांची भाडेकरू. बेगमपुऱ्यात त्यांच्या घरावरची एक खोली आणि पुढची गच्ची माझ्याकडे आहे. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, मूळची पाचोडची. स्वभावानं मी सरांच्या बरोबर उलट. ठेवून घेतलेलं पुस्तक एखाद्या मुलाकडून परत मागायचं असलं तरी मी आधी त्याच्या परीक्षेची चौकशी करते, मग गावाची, आणि पुस्तकाचं नाव काढेपर्यंत तो निघून गेलेला असतो. खोली बघायला आले तेव्हाही मी फाटकातच सुरुवात केली, की नमस्कार, मी अमुक ठिकाणी असते, आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आपल्या शाळेत होते, तर त्यांच्याकडून असं कळलं की…

समोरच्या उंच, सडपातळ माणसानं हात वर केला. "बीटिंग अराउंड द बुश," ते म्हणाले. "खोली हवी?"

"हो."

"घ्या. या, चहा घ्या."

किल्ली हातात आली, चहा पिऊन झाला, सामान आलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात भेटल्यावर त्यांनी माझं नाव विचारलं.

सर इंग्रजीचे शिक्षक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. शिकवलेलं बाकी सगळं त्यांनी शाळेत ठेवलं आणि ही एक इंग्रजी म्हण तेवढी घरी आणली, असं त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू, म्हणायच्या. अर्थ सोपा होता. मुद्द्याला हात न घालता त्याच्या भोवती भोवती बोलत राहणं. पण सरांना नुसता अर्थ सांगून समाधान होत नसे. गॅसची टाकी घेऊन येणारा असो की मीटर बघणारा, तो जरा लांबण लावू लागला की सर छत्री घेऊन अंगणात उतरत. त्यांच्या आणि शेजारच्या घराच्या मध्ये कमरेइतकी भिंत आहे आणि भिंतीला लागून कण्हेरीचं झुडूप. सर त्या झुडपाला प्रदक्षिणा घालत, छत्रीनं नुसत्या कडेच्या फांद्या झोडपत आणि सांगत, "शिकारीला गेलेली माणसं झुडपं झोडायची, म्हणजे पाखरं बाहेर यायची. त्यात एखादा भित्रा असायचा. तो असा नुसता बाजूबाजूनं काठी मारत फिरायचा. आत घालायचा नाही. का? आतून काय निघेल याची भीती. तुमचं आतलं काय आहे, ते सांगा." मीटरवाला घाबरून आकडा सांगायचा.

मी एकदा त्यांना म्हटलं, सर, आपल्या मराठीत 'ताकाला जाऊन भांडं लपवणं' आहेच की. त्यासाठी विलायतेच्या झुडपात कशाला शिरायचं? त्यांनी थोडा विचार केला. "नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणारा लबाड असतो. झुडपाभोवती फिरणारा लबाड नसतो, त्याला भीती वाटत असते. लबाडाला ही म्हण लावायची नाही, तो तिचा अपमान आहे." वापराचे त्यांचे आणखीही नियम होते. ही म्हण तोंडावर वापरायची, पाठीमागे वापरली तर ती चुगली होते. लहान मुलाला लावायची नाही. रडणाऱ्या माणसाला तर कधीच नाही.

या म्हणीपायी त्यांचा गोतावळा बराच पातळ झाला होता. फुलंब्रीकडच्या गावातून त्यांच्या बहिणीचा फोन यायचा. त्या आंब्याच्या मोहरापासून सुरू करायच्या. सर म्हणायचे, "जयभीम. काम?" पलीकडून फोन बंद व्हायचा आणि लगेच काकूंच्या फोनवर वाजायचा. लग्नाची पत्रिका घेऊन कोणी आलं की सर दारातच म्हणत, "तारीख सांगा, येतो." मग पत्रिका आणणारी माणसं चहाची वाट बघत अवघडून बसत, कारण बोलायला काही उरलेलंच नसे.

कोणाकडे मयत झाली की मात्र सर सगळ्यांच्या आधी पोचायचे. लोक वय विचारतात, कोणत्या डॉक्टरकडे होते विचारतात, यंदा ऊनच लई आहे म्हणतात. सर दारात उभे राहून म्हणायचे, "वाईट झालं. मला रडू येतंय. जेवण मी आणतो." आणि खरंच थोडंसं रडून घरी येत, काकूंना भात टाकायला सांगत. त्यांना हसणाऱ्या माणसांनीही तो भात खाल्ला आहे.

अशा माणसाचा जिवलग मित्र कोण असावा? भिंतीपलीकडचे वकीलसाहेब. जमिनीच्या दाव्यांमध्ये उभी हयात घालवलेले, गोरे, गुटगुटीत, मेंदी लावलेल्या दाढीचे. कोर्टात कसं बोलत असतील माहीत नाही, पण घरी त्यांना साधी शिडी मागायची असली तरी ते संध्याकाळी भिंतीशी येत, सरांच्या गुडघ्याची चौकशी करत, मग स्वतःच्या गुडघ्याकडे वळत. तिथून पाणचक्कीच्या जुन्या नहरीवर, नहरीवरून आताच्या नळावर आणि नळावरून छतातल्या कबुतरांवर. चहा संपे. उठत, सलाम करत, आणि चार पावलं गेल्यावर वळून म्हणत, "हां सर, वो आपकी सीढ़ी…" कबुतरं निघाली की सर शिडी आधीच भिंतीला लावून ठेवत.

दोघांमध्ये तो रोजचा खेळ होता. सर म्हणायचे, वकीलसाहेब, बीटिंग अराउंड द बुश. वकीलसाहेब खुशीत दाढीवरून हात फिरवायचे. "अजी सर, झाड़ी में क्या रक्खा है? मजा तो घूमने में है." सरांचं म्हणणं, याला भित्रेपणा म्हणतात. वकीलसाहेबांचं म्हणणं, याला तहजीब म्हणतात. माणसाच्या घरात शिरल्याबरोबर कोणी त्याच्या कपाटाला हात घालतं का? मग त्याच्या मनात शिरताना एवढी घाई कसली? मी गच्चीवरून ऐकत असे. खरं सांगायचं तर मी वकीलसाहेबांच्या पक्षाची होते, पण भाडेकरू सरांची.

वकीलसाहेबांची बेगम वारली तेव्हा सर भिंत ओलांडून गेले होते. फाटकातून जायलासुद्धा थांबले नाहीत. तीच तीन वाक्यं. त्यानंतर कितीतरी दिवस भिंतीवरून डबा जात होता.

मग त्या वर्षीची ईद आली. ईदला सर, काकू आणि मी शेजारी जायचो, हे ठरलेलं. दरवर्षी शीरखुर्मा बेगमच्या हातचा. त्या वर्षी वकीलसाहेबांच्या मुलींनी करू का विचारलं, तर त्यांनी कोणालाच स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. स्वतः केला. आम्ही गेलो तेव्हा दिवाणखाना पाहुण्यांनी भरला होता. वकीलसाहेबांनी वाट्या दिल्या आणि आपल्या पद्धतीनं सुरुवात केली. दूध कुठून आणलं, चारोळी सिटी चौकातली कोणत्या दुकानातली, बेगम शेवया कशा भाजायच्या, भाजताना हात थांबू द्यायच्या नाहीत आणि कोणाशी बोलायच्याही नाहीत. सगळे खाली बघून खात होते, माशाअल्लाह म्हणत होते. शेवटी ते सरांसमोर येऊन उभे राहिले.

"बोलो सर. कैसा बना?"

"करपलाय," सर म्हणाले. आणि मदत व्हावी म्हणून पुढे म्हणाले, "दूध तळाला लागलं. सारखं ढवळायला पाहिजे."

खोटं काही नव्हतं. वासावरून दारातच कळलं होतं. वकीलसाहेबांनी सरांच्या हातातली वाटी अगदी हलक्या हातानं काढून घेतली, आत गेले, आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आले नाहीत.

त्या संध्याकाळी सरांनी नेहमीप्रमाणे भिंतीवर दोन कप ठेवले. आपला प्याले. बराच वेळ गेल्यावर दुसराही प्याले. वाया कशाला घालवायचा, असं मला उगाचच सांगितलं. दुसऱ्या दिवशी तसंच. काही दिवसांनी काकू एकच कप देऊ लागल्या. तेव्हापासून सर भिंतीशी न बसता ओट्यावर बसून चहा घेऊ लागले. झुडपाला प्रदक्षिणा बंद झाली. मीटरवाला एकदा गावाकडची पूर्ण हकीकत सांगून गेला, सरांनी ती ऐकून घेतली. काकू घाबरल्या. मला म्हणाल्या, "ह्यांना दवाखान्यात दाखवावं का गं?"

मी पाऊण तास इकडचं तिकडचं बोलून अखेर सरांना विचारलं, वकीलसाहेबांची आठवण येते का? ते म्हणाले, "येते." मग म्हणाले, "त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. पण चूक झाली. उद्या जाऊन माफी मागतो." यात अवघड काय आहे, हे त्यांना कळत नव्हतं. मुद्दा एकच होता आणि तो त्यांना पाठ होता.

दुसऱ्या दिवशी ते गेले. आम्ही दोघी भिंतीआडून बघत होतो. वकीलसाहेबांनी दार उघडलं. सर उंबऱ्याबाहेरच उभे राहिले, म्हणाले, "चुकलो. माफ करा," आणि वळून निघाले. वकीलसाहेब त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मग दार लागलं.

सर घरी आले ते बुचकळ्यात पडून. "सांगितलं की! स्पष्ट सांगितलं. अजून काय पाहिजे?"

काकू तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ताट बाजूला ठेवलं. "सांगितलं व्हय. पण बसलात कुठं? माफी मागाया गेलतात का पावती फाडाया?"

"बसून काय करायचं?"

"बोलायचं. त्यांच्या घरात बेगम नाय. शीरखुर्मा कसा झालाय हे त्यांनी तुम्हाला इचारलंच नव्हतं. तिच्यावाचून जमलं का, एवढं इचारत होते. दुसऱ्या कुणाला इचारलं? तुमच्याच म्होरं येऊन उभे राहिले ना?"

सरांनी ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. म्हणाले, "मग तसं विचारायचं की."

"असं इचारता येतं व्हय कुणाला," काकू म्हणाल्या आणि पुन्हा ताट ओढून घेतलं.

त्या रात्री नाही, पण त्या आठवड्यात सरांची शिकवणी सुरू झाली. आयुष्यभर ज्यानं शिकवलं त्याला आम्ही आडवळण शिकवत होतो. मी वकीलसाहेब झाले. खुर्चीत बसले, दाढीवरून हात फिरवला. सर समोर बसले.

"तब्येत कशी आहे?" सर म्हणाले.

"अल्ला का करम है," मी म्हटलं.

"चुकलो," सर म्हणाले.

काकूंनी कपाळावर हात मारला. तब्येतीनंतर गुडघे, मग कबुतरं, मग पाणी, असा क्रम मी त्यांना लावून दिला. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल हा विषय असा आहे, की त्यावर दोन अनोळखी माणसं दुपार काढू शकतात. सरांना तो विषयच मान्य नव्हता. पाणी आलं तर टाकी भरते, नाही आलं तर भरत नाही, त्यात बोलायचं काय? पण त्यांनी सराव केला. गच्चीतून मला ऐकू यायचं, अंगणात एकटेच फिरताहेत आणि कण्हेरीला विचारताहेत, "तुमच्याकडं पाणी कधी आलं?"

शेवटी एका संध्याकाळी आम्ही तिघं निघालो. काकूंनी हातात धपाट्यांचा डबा दिला होता, रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून. वकीलसाहेबांनी दार उघडलं, डब्याकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि बाजूला झाले. सर आत जाऊन बसले. खुर्चीच्या कडेवर नव्हे, पार मागे टेकून, जसं शिकवलं होतं तसं.

गुडघे झाले. कबुतरं झाली. सरांच्या कपाळावर घाम आला होता आणि छत्रीची मूठ ते अशी पिळत होते की ती हातात येईल असं वाटत होतं. वकीलसाहेबांना सगळं कळलं होतं. जन्मभर साक्षीदारांना घोळवलेला माणूस तो. प्रत्येक प्रश्नाला ते लांबलचक उत्तर देत होते, कबुतरांच्या जातीसुद्धा सांगितल्या, आणि चेहरा अगदी गंभीर ठेवला होता. मग सर म्हणाले, "तुमच्याकडं पाणी कधी आलं?"

"परसों आया था. और आपके पास?"

इथवरचंच पाठ होतं. पुढे काय बोलायचं हे आम्ही ठरवलंच नव्हतं. सरांनी काकूंकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग त्यांना आठवलं ते बोलू लागले. गावातल्या पाण्याचं. वस्तीतल्या बायकांना विहिरीवर कोणी पाणी घालेपर्यंत थांबावं लागे त्याचं. मग वडिलांचं. सरांना पुढच्या वर्गात बसवा, एवढं सांगायला वडील हेडमास्तरांकडे गेले होते. सर निंबाखाली उभे राहून बघत होते. वडिलांनी अंगणात बसून पावसाचं काढलं, मग हेडमास्तरांच्या बैलाचं कौतुक केलं, विहिरीला पाणी कसं लागलं ते विचारलं. मायबाप, मायबाप म्हणत बोलत राहिले. हेडमास्तर जेवायला उठून गेले. वडीलही उठले, टोपी सारखी केली आणि पोराला घेऊन घरी आले. वाटेत एवढंच म्हणाले, मास्तर चांगले आहेत, उद्या बोलू.

"दुसऱ्या दिवशी मीच गेलो," सर म्हणाले. "म्हटलं, मास्तर, मला पुढच्या वर्गात बसायचंय. ते म्हणाले, बस. एका वाक्याचं काम होतं, वकीलसाहेब. माझा बाप बैलाचं कौतुक करत बसला होता. बैल मरतुकडा होता."

काकूंनाही हे माहीत नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात सरांनी कधी सांगितलं नव्हतं, कारण कुठल्याच मुद्द्यात ते बसत नव्हतं.

वकीलसाहेब उठले. आत जाऊन त्यांनी स्वतः चहा केला. मग त्यांनी बेगमचं सांगितलं, ती कबुतरांना कशी शिव्या द्यायची आणि मग दाणेही टाकायची ते. सरांनी मध्ये एकदाही हात वर केला नाही. अंधार पडला तेव्हा आम्ही उठलो. फाटकापर्यंत वकीलसाहेब आले आणि म्हणाले, "सर, वो आप कुछ बोलने आए थे शायद…"

सर थबकले. खरोखरच आठवायचा प्रयत्न केला. "नाही. काही नाही. असंच आलो होतो."

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, माफी? सर मटकन खाली बसले. "राहिलीच की!" परत जायला निघाले होते, काकूंनी हाताला धरून बसवलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवर दोन कप होते.

पुढच्या ईदला शीरखुर्मा पुन्हा वकीलसाहेबांनीच केला आणि तो पुन्हा करपला. या वेळी ते काही विचारायला आले नाहीत. लांब उभे राहून सरांकडे बघत होते. सरांनी एक वाटी संपवली. दुसरी मागून घेतली. मग घास गिळून मोठ्यानं म्हणाले, "वकीलसाहेब, तुमच्याकडं पाणी कधी आलं?" वकीलसाहेब इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. पाहुण्यांना काही कळलं नाही.

म्हणून काही सर बदलले नाहीत. मीटरवाल्याला पुन्हा प्रदक्षिणा सुरू झाल्या, बहिणीला पुन्हा "काम?" विचारलं जाऊ लागलं. आडवळण त्यांनी फक्त भिंतीपलीकडे वापरलं. एकदाच मला म्हणाले होते, "त्या म्हणीचा अर्थ मी जरा अर्धाच सांगत होतो. आतून काय निघेल ही भीती असते, हे बरोबर. पण कधी कधी आत जे असतं ते झोडायचं नसतं." मी पुढे विचारणार होते. तेवढ्यात ते म्हणाले, "झालं, एवढाच मुद्दा," आणि जिना उतरून गेले.

गेल्या उन्हाळ्यात त्या दुपारी अंगणात माणसं जमली. ओळीनं आत येत होती, काकूंपाशी बसत होती. वय किती होतं, काही त्रास होता का, यंदा ऊनच लई आहे. काकू मान हलवत होत्या. फुलंब्रीच्या बहीण आल्या, त्यांनी मोहरापासून सुरू केलं आणि मध्येच रडू फुटलं, कारण "काम?" म्हणणारं कोणी नव्हतं.

वकीलसाहेब फाटकातून आले नाहीत. त्या वयात, त्या गुडघ्यांनी, ते कण्हेरीजवळून भिंत ओलांडून आले. लोक बघत राहिले. दारात उभे राहिले. सलाम केला नाही, बसले नाहीत, कोणाची चौकशी केली नाही.

"भाभी," ते म्हणाले, "बुरा हुआ. मेरे कू रोना आ रा. खाना मैं लाता हूं."

आणि आले तसे भिंतीवरून परत गेले.

संध्याकाळी ते पातेलं घेऊन आले. खिचडी होती. मुलींना हात लावू दिला नसणार, हे झाकण काढल्याबरोबर समजलं. वास घरभर पसरला. वकीलसाहेब पातेल्याशेजारी उभे होते, कोणाकडेच बघत नव्हते. काकूंनी दुपारपासून पाणीही घेतलं नव्हतं. त्यांनी ताटली पुढे केली, घास घेतला, हळूहळू चावला. मग वर बघितलं.

"वकीलसाहेब," काकू म्हणाल्या, "तुमच्याकडं पाणी कधी आलं?"